दोर इन्व्हर्टरजवळ नको
लळिंग किल्ल्यावरून उतरल्यावर आपल्याकडे धुळ्या-जळगावात चढाईचा नायलॉनचा दोर बहुधा जिन्याखाली, इन्व्हर्टरशेजारी पडतो. याहून वाईट जागा नाही! बॅटरीतल्या ॲसिडने, त्याच्या वाफेनेसुद्धा, नायलॉन आतून कमजोर होतं आणि वरून काही दिसत नाही. गच्चीवरही वाळत घालू नका. ४५ अंशांच्या उन्हाळ्यातले अतिनील किरण धागा खातात. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, सैल गुंडाळून कापडी पिशवीत कपाटात ठेवा. चढाईआधी सगळा दोर बोटांतून सरकवत तपासा. कुठे मऊ, चपटा लागला तर किंमत न बघता बाद करा. न वापरलेलाही १० वर्षांनी बादच. आणि बाद दोराचे तुकडे करा, नाहीतर कुणीतरी पोर तो पुन्हा कड्यावर नेतं.