तुलना कोणाशी?

गेल्या सत्रात मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला छापील कागदावरचे एक ठरावीक अक्षर शोधून खोडायचे होते. वर्गात सर्वांत जास्त चुका माझ्या झाल्या. शेजारची मैत्रीण म्हणाली, "तुला एडीएचडी आहे!" मीही हसले. पण वसतिगृहावर परतल्यावर हरवलेल्या छत्र्या, अर्धवट निबंध, विसरलेले परीक्षा-शुल्क असे सारे पुरावे माझ्याविरुद्ध उभे राहिले.

मग वाचू लागले. एडीएचडी म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलतेचा विकार. प्रौढांवरील संशोधनाची नेहमीची रीत अशी : एका बाजूस निदान झालेले, दुसऱ्या बाजूस न झालेले, दोहोंना सारख्याच कसोट्या देऊन सरासऱ्या ताडून पाहायच्या. पहिला गट बहुधा मागे पडतो. परंतु दोन्ही गटांचे गुण एकमेकांत मिसळलेले असतात. विकार असलेले कित्येक कसोटीत उत्तम उतरतात, नसलेले कित्येक घसरतात. म्हणूनच एका कसोटीवर निदान होत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की आपण दुसऱ्या गटाकडे नीट पाहत नाही. त्यात निश्चिंत, निरोगी माणसेच घेतली, तर फरक मोठा दिसणारच. चिंता, नैराश्य, अपुरी झोप यांनीही लक्ष उडते. एडीएचडी नसलेल्या पण चिंताग्रस्त माणसांचा तिसरा गट ठेवल्याशिवाय, दिसलेला फरक नेमका कशाचा हे कसे कळावे?

शिवाय 'केव्हापासून?' हा प्रश्न उरतोच. २०१३ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेप्रमाणे काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीच दिसलेली असावी लागतात. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास त्यांच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रौढपणी विकार आढळलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांना तो बालपणी नव्हता. पुढे २०१८ साली अमेरिकेतील एका अभ्यासात, मोठेपणी लक्षणे दिसू लागलेल्या तरुणांची बारकाईने फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांतील सुमारे ९५ टक्के निदानाच्या बाहेर गेले. कोणाची लक्षणे व्यसनाची, कोणाची दुसऱ्या मनोविकाराची, तर कोणाची त्रास होण्याइतकी नव्हतीच.

याचा अर्थ हा विकार खोटा, असा मुळीच नाही. ज्यांना तो खरोखर आहे, त्यांना आपण आयुष्यभर आळशी म्हणत आलो. त्यांची थट्टा जितकी अन्यायाची, तितकाच घाईने लावलेला शिक्काही.

शेवटी मी समुपदेशकांकडे गेले. त्यांनी आधी विचारले, प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री झोप किती झाली होती? तीन तास! स्नेहसंमेलनाची तालीम होती. मग त्यांनी आईला विचारले, शाळेत मुलगी कशी होती? आई म्हणाली, "वेंधळी होती, पण कोणाची मुलं नसतात?"

निकाल अजून लागलेला नाही. मात्र यापुढे कोणालाही नाव ठेवण्यापूर्वी मी स्वतःला विचारणार आहे : ही तुलना कोणाशी?