देऊळ फिरलं म्हणे!

प्रेसवरचा माझा जोडीदार पाटलाचा पोरगा आहे. जमीन तिघा भावांत वाटली गेली, वाट्याला काही राहिलं नाही, म्हणून हा हिंगोलीला जिनिंगमध्ये आमच्यासोबत गाठी ढकलायला आला. १७० किलोची गाठ जात बघून हलकी होत नाही. दोघांच्या नाकात तीच रुई, दोघांचा तोच खोकला. डबा आम्ही एकत्र खातो, हेही सांगून टाकतो.

२०२५ च्या महाशिवरात्रीला तो म्हणाला, "चल औंढ्याला. एकदा नागनाथापुढं उभा राहून बघ. डोक्यातला सगळा कालवा थांबतो." मी गेलो. जयभीमवाला नागनाथाला कशाला गेला, असं आमच्यातलेच काही म्हणतील. म्हणू द्या. ज्याच्यावर लिहायचं ते डोळ्यानं बघावं लागतं.

औंढ्याचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेनं, वाकून खाली उतरावं लागतं. पुढच्याची टाच आपल्या तोंडाशी, मागच्याचा गुडघा आपल्या पाठीत. खाली अंधार, घाम, बेलाचा वास, ओली फरशी. खोटं कशाला बोलू, आत काहीतरी हललं माझ्या. जोडीदार म्हणेल पिंडीनं हललं. मला वाटतं, खांद्याला घासणाऱ्या खांद्यांनी हललं. दोन मिनिटं तिथं कुणाला कुणाचं आडनाव दिसत नव्हतं.

मग वर उजेडात आलो. बाहेर रस्त्यावर एकजण उपवासाचा फराळ वाटत होता. म्हातारा, मायाळू, कपाळभर भस्म. "कुठले पाव्हणे? आडनाव काय?" मी सांगितलं. "अस्सं," म्हणाला, आणि द्रोण देणारा त्याचा हात वीतभर वर गेला. साबुदाणा वरून पडला. त्यात शिवी नव्हती, राग नव्हता. हात आपोआप वर गेला, आमच्या मशिनचा दांडा जातो तसा.

आणि त्याच माणसानं मला मोठ्या प्रेमानं देवळाची गोष्ट सांगितली! नामदेव समोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हाकललं, देवळामागं जा म्हणाले. नामदेव मागं जाऊन गाऊ लागले, तर अख्खं देऊळ फिरलं आणि त्यांच्यापुढं आलं. म्हणून नंदी मागच्या बाजूला राहिला. "बघा, देवाला जातपात नाही," म्हातारा म्हणाला.

आता माझा सवाल ऐका. देऊळ फिरलं, पण हाकलणाऱ्यांचं काय झालं? कुणी नामदेवाला म्हणालं का, की बाबा चुकलो, ये, समोर बस? ही गोष्ट मी बऱ्याच तोंडांतून ऐकली, त्यात ते वाक्य कुठंच नाही. माणसांनी करायचं काम दगडाला लावलं आणि माणसं मोकळी झाली. सातशे वर्षं टाळ्या वाजवतायत, हात मात्र वीतभर वरच.

नामदेव म्हणजे आपल्या नर्सीचे, कयाधूकाठचे, जातीनं शिंपी. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यातल्या एका पदात त्यांनी स्वतःच सांगितलंय, की भक्ती करताना मला धरून उठवलं, माझी जात हीन, शिंप्याच्या जन्माला कशाला आलो. कांबळं उचलून ते मागं जाऊन बसले. कीर्तनात देऊळ फिरतं, पण ते कांबळं कुणाच्या ध्यानात येत नाही. मला ते कांबळं दिसतं.

औंढ्याचीच दुसरी गोष्ट घ्या. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, देव नाही तिथं उचलून ठेव माझे पाय. जिथं ठेवले तिथं पिंड निघाली. लई मोठी गोष्ट आहे ही, मला आवडते. पण ते पाय कुणी उचलून महारवाड्यात का नाही ठेवले? तिथं पिंड निघाली असती तर पूजा करायला कोण येणार होतं?

चोखोबाला तर देऊळ फिरूनसुद्धा मिळालं नाही. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना भिंत कोसळली, त्याखाली मेला. वेठीतला मजूर तो, आपल्याच पाळीतला. हाडं नामदेवांनी पंढरपूरला नेली आणि महाद्वारापुढं पुरली. दाराच्या बाहेर! तिथलं दार उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपाशी बसावं लागलं. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचं आपलं पुस्तक ज्या तिघांना अर्पण केलं, त्यात चोखोबा आहे.

नाशिकला काळारामापुढं आपली माणसं २ मार्च १९३० ला उभी राहिली. पाच वर्षं लढली, लाठ्या खाल्ल्या. तिथं देऊळ काही फिरलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबच फिरले, आणि १९५६ ला लाखो माणसं फिरली.

जोडीदार म्हणतो, "तुम्हीबी दादरला जाताच की. तीच रांग, तेच हार." आहे, रांग आहे. आपली काही पोरं बारा तास उभी राहतात, फोटो काढतात आणि पुस्तकाच्या दुकानांवरून तशीच पुढं जातात. त्यांनाही मी हेच म्हणेन, की हे दर्शन झालं. पण माझ्या मायला अक्षर येत नाही. ती एकदा पूर्ण्याहून उभ्यानं गेली आणि येताना चिवड्याच्या पैशातून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' घेऊन आली. मी सातवीत शाळा सोडलेला. रात्रपाळीत गाठींवर बसून बोट फिरवत वाचत गेलो. पहिलं पान उलगडायला चार रात्री लागल्या. डोक्यातला कालवा थांबला नाही, उलट वाढला. मला तोच पाहिजे होता.

शिवरात्रीहून परत येताना एसटीत मी जोडीदाराला म्हणलं, "तुझ्या गाभाऱ्यात मी वाकून उतरलो. ६ डिसेंबरला तू माझ्यासंगं जनरल डब्यातून दादरला चल." तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "बघू. घरचे काय म्हणतील."

दिवाळीनंतर जिनिंग पुन्हा सुरू झालं. सुट्टीसाठी मुकादमाकडं आधी नाव द्यावं लागतं. मी माझं दिलंय. त्याचं अजून नाही.