किळस वेगळी, अपमान वेगळा

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. देवगाव रंगारीत बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेत बसलो होतो. टीव्हीवर सकाळपासून एकच चेहरा चालू होता, रणवीर अलाहबादिया. 'इंडियाज गॉट लेटेंट' नावाच्या कार्यक्रमात त्याने एका स्पर्धकाला आईवडिलांवरून अत्यंत घाणेरडा प्रश्न विचारला होता. अँकर गळा फाटेस्तोवर ओरडत होता, संस्कृती धोक्यात असल्याची पट्टी खाली सरकत होती. हॉटेलातल्या निम्म्या माणसांनी तोवर या इसमाचं नावही ऐकलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती क्लिप गावातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर पोहोचली. म्हणजे ज्या वाक्याने संस्कृती बुडणार होती, ते वाक्य घरोघर नेऊन पोहोचवलं ते संस्कृतीच्या रखवालदारांनीच.

रात्री आमच्या ग्रुपवर एका पोराने निवेदनाचा मसुदा टाकला. अलाहबादियावर कडक कारवाई करा, असे कार्यक्रम कायमचे बंद करा, देवगाव रंगारी पोलीस ठाण्यात उद्या अकरा वाजता सगळ्यांनी जमा. खाली लिहिलं होतं, "दादा, बाकीच्या संघटना देतायत, आपण मागे का राहायचं?"

मी नको म्हणालो. त्यावरून ग्रुपवर दोन दिवस वाद झाला. पोरगं हुशार आहे, सहज ऐकणारं नाही. त्याने विचारलं, "मग आपण फक्त आपल्यावर आलं तरच बोलायचं का? घाण ती घाण, त्यात जात कसली?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ग्रुपवर मी धड उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी त्या आठवड्यात काय काय झालं ते आठवा. केंद्र सरकारने सांगितलं आणि यूट्यूबवरून तो भाग उतरला. गुवाहाटीत गुन्हा दाखल झाला, महाराष्ट्र सायबरने स्वतःहून गुन्हा नोंदवला, कार्यक्रमाशी संबंध आलेल्या कितीतरी जणांना चौकशीला बोलावणं गेलं. मुख्यमंत्री बोलले. राष्ट्रीय महिला आयोग बोलला. संसदेच्या समितीपर्यंत विषय गेला. १८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिलं, पण देताना, याच्या डोक्यातली घाण बाहेर आलीय, अशा अर्थाचे शब्द वापरले. दहाच दिवसांत राज्य, केंद्र, संसद, न्यायालय सगळं हललं.

ज्याच्यावर हे सगळं तुटून पडलं तो कोण? ८ मार्च २०२४ ला याच अलाहबादियाला पंतप्रधानांच्या हातून राष्ट्रीय क्रिएटर पुरस्कार मिळाला होता. केंद्रीय मंत्री त्याच्या पॉडकास्टवर येऊन बसत होते. तो काही व्यवस्थेच्या बाहेरचा माणूस नव्हता, वाढवला त्यांनीच. एका रात्रीत त्याला खलनायक केलं आणि महिन्याभरात, ३ मार्चला, कार्यक्रम पुन्हा सुरू करायची मुभाही न्यायालयाने सभ्यतेच्या अटीवर दिली. त्याचं फारसं काही बिघडलं नाही. बिघडलं असेल तर त्याच मंचावर बसलेल्या अपूर्वा मखिजाचं. संस्कृती वाचवायला निघालेल्यांनी तिला बलात्काराच्या आणि ॲसिड टाकण्याच्या धमक्या दिल्या. त्या धमक्यांवर एकही अँकर घसा बसेपर्यंत ओरडलेला मला आठवत नाही.

आता दोन महिने मागे जा. १० डिसेंबर २०२४, परभणी. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. दुसऱ्या दिवशी बंद, मग दगडफेक, मग आपल्या वस्त्यांतलं पोलिसांचं कोम्बिंग. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदन आपल्याच संभाजीनगरात, घाटीत झालं. अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असं प्राथमिक कारण डॉक्टरांनी लिहिलं. आणि नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की त्याला श्वसनाचा आजार होता, पोलिसांनी मारहाण केलेली नाही.

सोमनाथची आई विजयाबाई यांनी सरकारचे दहा लाख नाकारले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरीही गुन्हा दाखल होईना. शेवटी बाळासाहेब आंबेडकर काळा कोट घालून उभे राहिले आणि ४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा दाखल करायचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेलं, ३० जुलैला तिथे हरलं. मृत्यूपासून खंडपीठाच्या आदेशापर्यंत २०१ दिवस. अलाहबादियावर महाराष्ट्र सायबरला स्वतःहून गुन्हा नोंदवायला दोन-तीन दिवस पुरले होते.

आमच्या ग्रुपवरचं पोरगं म्हणालं, दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत, तुलना कशाला? बरं. मृत्यूची तुलना सोडून देऊ, बोलण्याचीच बोलण्याशी करू.

त्याच फेब्रुवारीत अभिनेता राहुल सोलापूरकर पॉडकास्टमधून बोलला. आधी शिवरायांच्या आग्र्याच्या सुटकेबद्दल, आणि मग बाबासाहेबांबद्दल, की वेदांच्या हिशेबाने ते ब्राह्मण ठरतात. ज्या माणसाने वर्णव्यवस्था उखडायला आयुष्य घातलं, त्याला त्याच उतरंडीच्या वरच्या पायरीवर नेऊन बसवायचं आणि वर हे कौतुक म्हणून खपवायचं! यात एकही अश्लील शब्द नाही, स्वर एकदम सुसंस्कृत. लोक रस्त्यावर उतरले, भांडारकर संस्थेचं विश्वस्तपद त्याला सोडावं लागलं, माफी मागावी लागली. पण पुणे पोलिसांनी व्हिडिओ पाहून सांगितलं की गुन्हा दाखल करण्यासारखं काही नाही. महाराष्ट्र सायबरने स्वतःहून काही केल्याचं ऐकिवात नाही.

आणि हे फक्त भाजपच्याच राज्यात होतं असं समजू नका. केतकी चितळे आठवते? मार्च २०२० मध्ये तिने फेसबुकवर नवबौद्धांविरुद्ध, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लोकांविरुद्ध लिहिलं. रबाळे पोलीस ठाण्यात ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. २०२१ मध्ये ठाण्याच्या न्यायालयाने अटकपूर्व जामीन फेटाळला. तरी अटक नाही. मे २०२२ मध्ये तिने शरद पवारांवरची पोस्ट टाकली आणि लगेच अटक झाली. तुरुंगात गेल्यावर मग पोलिसांना आठवलं की अरे, हिच्यावर एक जुना ॲट्रॉसिटीचाही गुन्हा आहे. सरकार महाविकास आघाडीचं होतं. एका नेत्याचा अपमान झाला तर एक दिवस, लाखो माणसांचा झाला तर दोन वर्षं, आणि तेही नेत्याच्या निमित्ताने.

क्रिकेटर युवराज सिंगने २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर लाइव्ह बोलताना हसत हसत जातिवाचक शब्द वापरला. २०२१ मध्ये मुनमुन दत्ताने व्हिडिओत तोच शब्द वापरला, मेकअपच्या गप्पांत. दोघांचं म्हणणं साधारण एकच, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता. माझ्या मते या प्रकरणांतली खरी बातमी ती होती. एखाद्या जातीचं नाव तोंडात शिवी म्हणून इतकं रुळलेलं असतं की उच्चारताना जीभ अडखळत नाही. यावर एखाद्या वाहिनीने आठवडाभर चर्चा घ्यायला हवी होती. घेतली नाही, कारण तो शब्द स्टुडिओतल्यांच्याही घरात वापरला जातो.

माझं म्हणणं इथेच आहे. किळस येणं वेगळं आणि अपमान होणं वेगळं. अलाहबादियाच्या वाक्याने किळस आली, मलाही आली. पण त्या वाक्याने कुणी माणूस माणसातून उठला नाही, कुणाला विहिरीवरून हाकललं नाही, कुणाची खोली भाड्याने मिळायची थांबली नाही. अपमान हा एका माणसाला किंवा समूहाला त्याची पायरी दाखवायला केला जातो, आणि त्याला सभ्य भाषाही चालते. किळसवाण्या बोलण्यावर सगळ्यांना एकत्र ओरडता येतं, त्यात कुणाचं काही जात नाही. अपमानावर ओरडायचं तर स्वतःकडे बघावं लागतं. २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीने देशातल्या प्रसारमाध्यमांचा अभ्यास केला. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर सवर्ण होते आणि अनुसूचित जाती-जमातींचं कुणीही नव्हतं. ते कशावर ओरडणार आणि कशावर गप्प बसणार हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता.

यावर एक मुद्दा असा येतो की बाबासाहेबांनी असल्या घाणीला काय म्हटलं असतं? मला ठाऊक नाही, आणि त्यांच्या तोंडी शब्द घालणार नाही. पण वकील म्हणून ते कुणाच्या बाजूने उभे राहिले हे नोंदलेलं आहे. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून पुण्यात खटला झाला. दिनकरराव जवळकरांनी टिळक-चिपळूणकरांवर अतिशय जहाल भाषेत लिहिलं होतं, सनातनी पुणं खवळलं होतं. जवळकर, केशवराव जेधे आणि सहकाऱ्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं आणि ते सुटले. पुढे १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. र. धों. कर्वे लैंगिक प्रश्नांना उघडपणे उत्तरं देतात, हा गुन्हा. तिथेही बाबासाहेब कर्व्यांचे वकील. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. कर्वे आणि अलाहबादिया यांना मी एका पंक्तीला बसवत नाही, कर्वे ज्ञान देत होते आणि हा टाळ्या मागत होता. सांगायचं इतकंच की अश्लीलतेच्या नावाने जमलेल्या गर्दीत बाबासाहेब नव्हते. ते आरोपीच्या शेजारी उभे होते.

आणि ही गर्दी आपण वाढवली तर फटका कुणाला बसेल? २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे या रॅपरवर गाण्यासाठी गुन्हा दाखल झाला. आपल्याच संभाजीनगरचा पोरगा, सत्ताधाऱ्यांच्या खोक्यांवर रॅप केलं होतं. त्याच महिन्यात मुंबईत उमेश खाडेवर झाला. आपले शाहीर, आपले यूट्यूब चॅनल चालवणारे पोरं, जयंतीला डफावर खरं बोलणारे, सगळे याच रांगेत आहेत. 'असे कार्यक्रम कायमचे बंद करा' या निवेदनावर आपली सही असेल, तर उद्या त्याच कागदाच्या आधारे आपल्याला नोटीस येईल.

आता एक गंमत बघा. २७ नोव्हेंबर २०२५ ला याच अलाहबादिया प्रकरणाशी जोडलेल्या सुनावणीत दिव्यांगांची टिंगल करणाऱ्या विनोदवीरांचा विषय होता. सरन्यायाधीश सूर्य कांत यांनी केंद्राला विचारलं, ॲट्रॉसिटी कायद्यासारखा कडक कायदा यासाठी का करत नाही? दिव्यांगांना तो जरूर मिळावा. पण ज्या कायद्याचा दुरुपयोग होतो म्हणत २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्याची धार काढली, तीही आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आणि २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये आपली पोरं मेल्यावर संसदेला तो पूर्ववत करावा लागला, तोच कायदा आता नमुना म्हणून दाखवला जातोय. नमुना ठीक आहे हो, पण अंमलबजावणी?

म्हणून त्या पोराला मी शेवटी जे सांगितलं ते इथे सविस्तर देतो, तुमच्याही कामाला येईल. कायदा आपल्याकडे आहे. पब्लिकसमोर जातीवरून अपमान केला तर कलम ३(१)(आर), जातीच्या नावाने शिवी दिली तर ३(१)(एस), आणि अनुसूचित जाती-जमातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर केला तर ३(१)(व्ही). हे तिसरं कलम आपले कार्यकर्ते विसरतात. यूट्यूबवरचं बोलणं 'पब्लिकसमोर' धरता येतं, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. पण त्याच केरळमधल्या शाजन स्करिया या यूट्यूब वाहिनीवाल्याला ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन दिला. दलित आमदाराचा अपमान झाला एवढं पुरेसं नाही, तो जातीवरून झाला हे दिसलं पाहिजे, असं म्हणून. म्हणून तक्रारीत नुसतं 'भावना दुखावल्या' लिहू नका. कोणता शब्द, कितव्या मिनिटाला, त्यात जात कशी येते, हे लिहा. व्हिडिओ उतरवून ठेवा, लिंक आणि तारीख लिहा, कारण बोंब झाली की तो आधी डिलीट होतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, वकिलाला विचारून घ्या. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही हे कलम १८ए सांगतं, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरासाठी कलम ४ आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

त्याने यावर बराच वेळ काही लिहिलं नाही. मग मेसेज आला, "दादा, अलाहबादियाचं निवेदन राहू द्या. त्याच कागदावर सोलापूरकरचं लिहू का? ३(१)(व्ही) लावून?"

लिही म्हणालो. मिनिटं आणि सेकंद टाक.