हायस्कूलला चालतो, मग कॉलेजला का नाही?

मंडळी, सुरुवातीलाच एक कोडं घालतो. कॅलिफोर्नियात वीस वर्षं वेल्डिंग केलेला एक कारागीर आहे. शिक्षण हायस्कूलपर्यंत. आता पाठ धरते, डोळे थकलेत, म्हणून त्याने ठरवलं की आपल्या हातातली विद्या पुढच्या पोरांना द्यायची. त्याला हायस्कूलमध्ये वेल्डिंग शिकवता येईल का? येईल. मग त्याच गावातल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये, तशाच मशीनवर, त्याच पोरांना दोन वर्षांनी शिकवता येईल का? सहसा नाही!

हा विनोद नाही, नियम आहे. आधी हायस्कूलचं बघू. तिथे व्यावसायिक विषय शिकवायला राज्याचं वेगळं क्रेडेन्शियल मिळतं. त्यासाठी त्या धंद्यातला तीन वर्षांचा अनुभव आणि हायस्कूल डिप्लोमा पुरतो. आधी तात्पुरतं क्रेडेन्शियल मिळतं, माणूस वर्गावर उभा राहतो आणि ठरलेल्या मुदतीत शिकवण्याचं प्रशिक्षण घेऊन ते पक्कं करून घेतो. थोडक्यात, धंदा येतो ना? मग या, शिकवायचं कसं ते आम्ही शिकवू.

कम्युनिटी कॉलेजची गोष्ट उलटी. १९८८ साली एबी १७२५ नावाचा कायदा झाला, जुनी क्रेडेन्शियलची पद्धत गेली आणि तिच्या जागी प्रत्येक विषयाची किमान पात्रता आली. वेल्डिंग, ऑटो, एअर कंडिशनिंग अशा विषयांना मास्टर्स लागत नाही हे खरं. पण एक तर कुठलीही बॅचलर डिग्री आणि दोन वर्षांचा अनुभव हवा, नाही तर कुठलीही असोसिएट डिग्री आणि सहा वर्षांचा. ‘कुठलीही’ हा शब्द लक्षात ठेवा. डिग्री इतिहासाची असली तरी चालेल, संगीताची असली तरी चालेल, पण असली पाहिजे! ॲप्रेंटिसशिपच्या वर्गांना वेगळे नियम आहेत, पण नेहमीच्या वर्गांचा दरवाजा हाच.

आता माझ्यासारख्याचं बघा. मी इथे येऊन कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स केलं. त्या जोरावर मला कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवता येतं. त्यासाठी उद्योगातला अनुभव किती लागतो? शून्य. मी एक दिवसही नोकरी केली नसती, एकही सिस्टीम रात्री दोन वाजता उठून पुन्हा उभी केली नसती, तरी नियमाने मी पात्रच. आणि शिकवण्याचं प्रशिक्षण? तेही शून्य. म्हणजे ज्याला काम येतं त्याला कागद नाही म्हणून बाहेर ठेवायचं, आणि ज्याच्याकडे कागद आहे त्याला काम येतं का हे विचारायचंसुद्धा नाही. यालाच दर्जा म्हणायचं का?

या नियमामुळे माझं वैयक्तिक काहीच अडलेलं नाही. अडलंय ते त्या पोरांचं. ११६ कॉलेजांची ही अमेरिकेतली सर्वांत मोठी उच्च शिक्षणव्यवस्था आहे. दिवसा वेअरहाऊसमध्ये राबून संध्याकाळी वर्गाला येणारा मुलगा, तिशीत पुन्हा शिकायला लागलेली आई, नोकरी गेल्यावर नवा धंदा शोधणारा पन्नाशीचा माणूस, हे सगळे इथे येतात. शिक्षक मिळाला नाही की वर्ग रद्द होतो. वर्ग रद्द झाला की सर्टिफिकेट एक सेमिस्टर पुढे जातं. आपल्या मुलांचं सेमिस्टर पुढे गेलं तर आपण चेक लिहितो. या मुलांचं गेलं तर ती शिक्षणच सोडतात.

आणि ही अडचण वरच्यांना माहीत नाही असंही नाही. २०१५ साली कम्युनिटी कॉलेजांच्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सने वर्कफोर्स टास्क फोर्सच्या २५ शिफारशी स्वीकारल्या. त्यांत व्यावसायिक विषयांना लायक शिक्षक मिळवण्याचा मुद्दा होताच.

कोणी म्हणेल, कायद्यात ‘समकक्षते’ची सोय आहे की! आहे ना. डिग्री नसली तरी तेवढ्याच तोलाची पात्रता सिद्ध केली तर डिस्ट्रिक्ट माणसाला घेऊ शकतं. पण ती सिद्ध करायची कोणासमोर? प्राध्यापकांच्या समितीसमोर. आणि समिती विचारते काय? असोसिएट डिग्रीत इंग्लिश, गणित, समाजशास्त्र असतं, त्याच्या तोडीचं तुमच्याकडे काय आहे? पंचवीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाने समाजशास्त्राचा पुरावा कुठून आणायचा? बरं, एका डिस्ट्रिक्टने मान्य केलं तरी दुसऱ्यावर ते बंधनकारक नाही. राज्यात ७३ डिस्ट्रिक्ट आहेत. म्हणजे प्रत्येक दारात तोच गठ्ठा घेऊन पुन्हा उभं राहा!

आपल्या लोकांना हे जास्त बोचायला हवं. आपल्याकडची तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. इथे पुष्कळदा बॅचलर म्हणून मोजली जात नाही, हे आपल्यातल्या किती जणांनी सोसलंय! आयटीआय करून आखातात दहा-पंधरा वर्षं काढलेला आणि मग इथे आलेला मराठी फिटर किंवा इलेक्ट्रिशियन घ्या. त्याच्या हातातली कला या देशाला रोज लागते. पण त्याचे कागद मूल्यांकनाला गेले की तो परत दहावी पास होतो.

आता विरोधकांचं म्हणणं. पहिला आक्षेप असा, की काम येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. शंभर टक्के मान्य! आपल्या ऑफिसातला सर्वांत हुशार प्रोग्रॅमर नवख्या माणसाला दोन वाक्यं धड समजावू शकत नाही, हे आपण रोज बघतो. पण मग डिग्री मागून तो प्रश्न कसा सुटतो? इतिहासाच्या डिग्रीने कोणाला वेल्डिंग शिकवता येऊ लागतं? यावरचा उपाय शिकवण्याचं प्रशिक्षण हाच आहे, आणि तो हायस्कूलवाल्यांनी केव्हाच अमलात आणलाय.

दुसरा आक्षेप, उद्योगातले लोक आपल्या कंपनीच्या सोयीचं तेवढंच शिकवतील. ही भीती खोटी नाही. पण अभ्यासक्रम कॉलेज ठरवतं, शिक्षक नव्हे. ती लगाम हातात असताना घोड्यालाच घाबरायचं कारण नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बाहेरच्या लोकांना तासावर बोलावून कॉलेजं पूर्णवेळ शिक्षकांच्या जागा मारतात. हे खरोखर घडतं. अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्ण भाराच्या ६७ टक्क्यांहून जास्त काम देता येत नाही, म्हणून कित्येकजण दोन-तीन डिस्ट्रिक्टमध्ये गाडी पळवत असतात. पण म्हणूनच मी म्हणतो, कारागिराला नुसतं संध्याकाळच्या दोन तासांपुरतं बोलावू नका. त्याला पूर्णवेळ जागेलाही पात्र ठरवा.

मागणी साधी आहे. एक, हायस्कूलसारखंच कॉलेजातही व्यावसायिक विषयांना अनुभवावर तात्पुरती नेमणूक द्या आणि तीन वर्षांत शिकवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं करा, कॉलेजच्या खर्चाने. दोन, परवाना, जर्नीमन कार्ड, उद्योगातली मान्यताप्राप्त सर्टिफिकेटं यांचं वजन काय, हे राज्याने एकदाच लिहून द्यावं आणि सगळ्या डिस्ट्रिक्टनी ते मानावं. तीन, हे प्रशिक्षण माझ्यासारख्या मास्टर्सवाल्यालाही सक्तीचं करा. दर्जा हवा ना? मग सगळ्यांनाच लावा.

हे अशक्य म्हणणाऱ्यांनी भारताकडे बघावं. डिग्रीचं वेड आपल्याकडे कमी आहे का? तरी २०२२ साली यूजीसीने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ आणले. आपल्या क्षेत्रात निदान पंधरा वर्षं गाजवलेल्या माणसाला डिग्रीच्या अटीविना, मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतं. ती योजना मोठ्या पदावरच्यांसाठी आहे, फिटरसाठी नाही, हे मान्य. पण दार किलकिलं तरी झालं!

आता थोडं घरातलं. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्याकडे आवाज खाली येतो. ‘नाही हो, दोनच वर्षं, मग ट्रान्सफर घेणारे’ असं घाईघाईने सांगितलं जातं, जणू मुलाने काही गुन्हा केलाय. ज्या वर्गात आपलं मूल बसलेलं आपल्याला खपत नाही, तिथे शिकवणारा कोण असावा याची काळजी आपण कशाला करू? पण पाणी तुंबलं, वीज गेली, गाडी बंद पडली की आपण ज्याला फोन करतो, तो याच वर्गांतून येतो.

तेव्हा नुसती मान डोलावू नका. व्यावसायिक अभ्यासक्रमांना उद्योगातल्या लोकांची सल्लागार समिती असते, तिच्यात जायला कोणी डिग्री विचारत नाही. ज्यांची पात्रता बसते त्यांनी शिकवायला अर्ज करा. (एच-१बीवर असाल तर त्या कॉलेजने तुमच्यासाठी वेगळा अर्ज केल्याशिवाय होकार देऊ नका.) आणि सिटिझन असाल तर लक्षात ठेवा, डिस्ट्रिक्टचे ट्रस्टी तुमच्या मतांवर निवडून येतात. बॅलटवर शेवटच्या पानावर त्यांची नावं असतात आणि आपण ती रिकामी सोडतो. पुढच्या वेळी सोडू नका. सभेला जा आणि एवढंच विचारा: जो माणूस हायस्कूलला चालतो, तो तुम्हाला का चालत नाही?