घरकामाने दमतो, पण व्यायाम होतो का?

"दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरतो आम्ही, आणखी वेगळा व्यायाम कशाला?" हृदयासाठी चाला म्हटलं की आमच्या शाळेतल्या बाई असोत की शेजारीण, हेच उत्तर ठरलेलं. पण मैत्रिणींनो, दमणं वेगळं आणि व्यायाम होणं वेगळं. ओट्याशी दोन तास उभं राहिलं की पाय भरून येतात, कंबर धरते. हृदयाचे ठोके मात्र फारसे वाढत नाहीत. हृदय हाही स्नायूच. त्याला रोज थोडं जास्त काम दिलं, तरच तो बळकट होतो. शिवाय रक्तदाब आणि साखर ताब्यात राहायला मदत होते.

लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास केला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला.

मग किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला निदान १५० मिनिटं. म्हणजे रोज ३० मिनिटं, पाच दिवस. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. चाल अशी हवी की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पहिली आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश चाला. आठवड्यातून दोन दिवस भिंतीला हात टेकून जोर काढा, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. झपझप अंगण झाडलं, पाण्याच्या घागरी वाहिल्या, तर तेही हिशोबात धरा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा जिना चढताना छाती भरून येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आमच्या वाटूर फाट्यावरून ट्रक आणि एसटी भरधाव जातात. म्हणून हमरस्ता नको. शाळेचं मैदान किंवा घराची गच्ची बरी. रस्त्याने जावंच लागलं तर उजव्या कडेने, म्हणजे समोरची गाडी दिसते. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत परत या. साडी नेसून चाललं तरी काही बिघडत नाही, पायात मात्र सपाता नकोत, बूट हवेत.

"लोक काय म्हणतील?" हा खरा अडसर. लता भगवान करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते, म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारीत, अनवाणी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. आपल्याला एकदम धावायचं नाही, नुसतं चालायचं आहे. दोघी-तिघी मिळून निघा. चार दिवसांत लोकांना सवय होते.

आता सर्वांत महत्त्वाचं. मासिक पाळी गेल्यावर बायकांचा हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि त्याच्या खुणा फसव्या असू शकतात. छातीत जोराची कळ येईलच असं नाही. नुसतं दडपण, धाप, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, घाम, एकाएकी गळून जाणं, एवढंच होतं. आपण "पित्त झालंय" म्हणतो, लिंबू-सोडा पितो आणि भाकऱ्या उरकतो. असं करू नका. लगेच घरच्यांना सांगा, १०८ ला फोन लावा. इथून जालना काही हाकेच्या अंतरावर नाही; गेलेली प्रत्येक घटका महाग पडते.

आणि हो, चालायची वेळ घरात आजच सांगून ठेवा. तेवढा अर्धा तास चहा दुसऱ्या कुणीतरी करायला काय हरकत आहे?