आधी हीटसिंक, मग वॅट

चतुर्थी जवळ आली की वेंगुर्ल्यातल्या माझ्या दुकानात भजनी मंडळींची ये-जा वाढते. टेबलावरच्या अँप्लिफायरकडे बघून पहिला प्रश्न ठरलेला: "ह्यो किती वॅटाचो आसा?"

माझं म्हणणं, हा प्रश्न शेवटी विचारा. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबल, कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. पडवीतल्या भजनाला, स्पीकर चांगला असेल तर, टीडीए २०३० आयसीचे १२-१४ वॅट पुष्कळ झाले. मात्र ते स्वच्छ हवेत.

हा आयसी बहुतेक वेळा मरतो तो सप्लायमुळे. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर लावला की आयसीला १२ व्होल्ट मिळतात, असा समज असतो. डायोड आणि कपॅसिटरनंतर दोन्ही बाजूंना १६-१७ व्होल्ट होतात आणि आयसीची कमाल मर्यादा आहे १८. रात्री लाईन २५० ला चढली की संपलं. म्हणून १२-०-१२ वर मी २०३०ए लावतो. त्याची मर्यादा २२ आहे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. या आयसीची धातूची पाठ उणे सप्लायला जोडलेली असते. शिकाऊ असताना मी ती सरळ लोखंडी पेटीवर आवळली, स्विच दाबला आणि फ्यूजसकट आयसी गेला. तेव्हापासून मध्ये अभ्रकाची चकती, स्क्रूला प्लास्टिकचा बुश, आणि मल्टीमीटरने पाठ व पेटी तपासल्याशिवाय करंट देत नाही. चकतीला लावायची उष्णतावाहक पेस्ट अगदी पातळ हवी. ती फटी भरायला असते. जाड थर उष्णता अडवतो.

दशावतार रात्रभर चालतो. आयसीची उष्णता बाहेर टाकणारं हीटसिंक पेटीत कोंडलेलं असेल तर आयसी तापून स्वतःच बंद पडतो, थंड झाला की परत बोलतो. लोक म्हणतात मशीन थकलं. हीटसिंक बाहेर, पात्या उभ्या, एवढ्यानेच ते टळतं. आणि आमच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं. सोल्डरिंग झालं की स्पिरिटने फ्लक्स पुसून डागांच्या बाजूला पारदर्शक वार्निश मारलंच पाहिजे.

यंदा अँप्लिफायर बनवून घेणार असाल तर दुकानात अर्धा तास मोठ्या आवाजात वाजवायला लावा. मग हीटसिंकवर हात ठेवा. पाच सेकंद हात टिकला तरच पैसे द्या.