कात्रीच्या आधी कंगवा

मुके सोबती



या आठवड्याच्या टपालात छत्रपती संभाजीनगरहून एक पत्र आलंय. सिडकोत राहणाऱ्या, सातवीतल्या एका मैत्रिणीचं. तीन पानी पत्र आहे, पण मुद्दा एवढाच :

"काका, आमचा भुऱ्या पाच महिन्यांचा आहे. तो डूडल जातीचा आहे. घेताना त्या माणसानं सांगितलं होतं, याचे केस गळत नाहीत, याचं काही करावं लागत नाही. पण आता त्याच्या कानामागे आणि काखेत गाठी झाल्यात. हात लावला की ओरडतो. काल तर दात लावले. बाबा म्हणतात, उन्हाळा आलाच आहे, सरळ टक्कल करून टाकू. आई म्हणते, एवढं जमणार नसेल तर परत देऊन टाका. मी काय करू?"

अगं, आधी डोळे पूस बघू! भुऱ्याला परत द्यायची वेळ मुळीच आलेली नाही. आणि टक्कल तर नकोच. का ते सांगतो. हे उत्तर आईबाबांनाही वाचून दाखव.

डूडल म्हणजे कोण?

पूडल नावाच्या कुरळ्या केसांच्या कुत्र्याचा लॅब्रॅडॉरशी किंवा गोल्डन रिट्रीव्हरशी संकर केला, की होतो तो डूडल. याची सुरुवात मोठी गमतीची आहे. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाड्ये कुत्रे तयार करणारी एक संस्था आहे. तिथे वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ काम करत. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या यजमानांना कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी! कॉनरन यांनी पुष्कळ पूडल पारखून पाहिले. एकही त्या कामाला लागेना. शेवटी 1989 साली त्यांनी पूडल आणि लॅब्रॅडॉर यांचा संकर करून पाहिला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ तपासायला पाठवली, आणि तिघांपैकी एकाच पिल्लाची त्या गृहस्थांना बाधा होईना. त्याचं नाव सुलतान.

बघा हं, सख्ख्या तीन भावंडांत एक! तेव्हा "डूडलचे केस गळतच नाहीत, अ‍ॅलर्जी होतच नाही" असं कुणी छातीठोक सांगितलं, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. एकेक पिल्लू एकेक तऱ्हेचं निघतं.

मग गाठी का होतात?

पूडलचा केस बराच काळ वाढत राहतो. आणि जो गळतो, तोही जमिनीवर पडत नाही. शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून बसतो. म्हणून तुमची सतरंजी स्वच्छ राहते आणि भुऱ्याच्या अंगावर मात्र जट तयार होते. केस गळत नाहीत म्हणजे काम कमी झालं, असं नाही. झाडूचं काम कंगव्याकडे आलं, इतकंच.

तुमच्यापैकी काहींच्या आजोळी बुरणूस असेल. ती विणलेली नसते. लोकर पसरायची, पाणी मारायचं, दाबून-लाटून एकजीव करायची, की झाली बुरणूस. भुऱ्याच्या काखेत नेमकं हेच चाललंय. तो चालतो तेव्हा केस घासले जातात, आंघोळीचं पाणी पडतं, आणि गाठ घट्ट होते. म्हणून पहिला नियम पाठ करून टाका : गाठ असताना आंघोळ नाही. आधी गाठ सोडवायची, मग पाणी.

उन्हाळ्यात टक्कल का नको?

संभाजीनगरचा मे महिना म्हणजे काय, ते मला नव्यानं सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी बाबांना पिल्लाची दया आली, हे चांगलंच आहे. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा येतो तो पंजांच्या गाद्यांना. बाकी बरीचशी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. टक्कल केलं तर त्याला घाम थोडाच फुटणार आहे? उलट उघड्या कातडीला ऊन थेट भाजतं. मोकळे, विंचरलेले केस त्याला सावली देतात आणि त्यांतून वाराही खेळतो. खरा त्रास होतो तो जटांचा. तिथे वारा शिरत नाही, ओल राहते, कातडी लाल होते, आणि आत गोचीड लपली तरी कळत नाही.

तेव्हा उन्हाळ्यात केस कमी करा, पण बोटाच्या एका पेराइतके, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर, राहू द्या. बाकी गारव्यासाठी सावली, भरपूर पाणी, आणि फिरणं सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर.

माझी एक चूक

मी तुमच्याएवढा असताना आमच्याकडे पांढराशुभ्र पामेरियन होता. त्याच्या कानामागे अशीच गाठ झाली. मी आजीच्या शिवणाची कात्री घेतली, गाठ वर ओढली आणि कचकन कापली. गाठ निघाली, पण तिच्यासोबत कानामागची कातडीही कापली गेली. कुत्र्याची कातडी सैल असते. गाठ ओढली की तीही तंबूसारखी वर येते, आणि केसांत ती दिसत नाही. दोन टाके पडले. जखम आठवड्यात भरली. पण पुढे कात्री नुसती वाजली, तरी तो पलंगाखाली जाऊन बसायचा. म्हातारा होईपर्यंत!

म्हणून सांगतो, पिल्लाचे केस वाईट कापले गेले तर ते पुन्हा वाढतात. एकदा बसलेली भीती मात्र सहजासहजी जात नाही.

कधी कापायचे?

दोन ते चार महिने : कापायचं काही नाही. फक्त सवय लावायची. रोज पाच मिनिटं मांडीवर घ्या, पंजे धरा, कान उचलून बघा, ब्रश अंगावरून फिरवा आणि लगेच खाऊ द्या. केस कापायचं मशीन लांब ठेवून नुसतं सुरू करा, म्हणजे त्या घूं-घूं आवाजाची ओळख होते.

लसी पूर्ण झाल्यावर, साधारण चार महिन्यांनंतर : पहिली छोटी कापणी. डोळ्यांपुढचे, पंजांच्या गाद्यांमधले आणि शेपटीखालचे केस, बस्स.

पाच-सहा महिने : पहिली अंगभर कापणी. म्हणजे भुऱ्याची वेळ आता आलीच आहे.

सहा महिने ते एक वर्ष : हा काळ सगळ्यात कसोटीचा. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात, आणि दोन्ही एकमेकांत गुंततात. या दिवसांत विंचरण्याला सुट्टी नाही. पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी कापणी.

पण कॅलेंडरपेक्षा कंगव्याला विचारा. पोलादी कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता जात असेल, तर घाई नाही. रोज विंचरूनही अडकू लागला, तर कापायची वेळ झाली. पावसाळ्यात पोटाखालचे आणि पायांचे केस थोडे आखूड ठेवा, म्हणजे चिखल कमी लागतो आणि अंग लवकर वाळतं. थंडीत लांब ठेवले तर चालतील, पण मग विंचरणंही वाढवावं लागेल.

कसे कापायचे?

विंचरायचं काम तुमचं. कात्री आणि मशीन मोठ्यांच्या हातात.

1. वरवर ब्रश फिरवू नका. एका हातानं केसांचा भांग पाडा, कातडी दिसू द्या, आणि तिथून बाहेरच्या बाजूला विंचरा. मग पुढचा भांग. शेवटी कंगवा फिरवून खात्री करा. कानामागे, काखेत, जांघेत आणि गळपट्ट्याखाली हटकून बघा.

2. छोटी गाठ असेल तर तिच्या मुळाशी केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही. मग बोटांनी थोडी थोडी फोडा आणि टोकाकडून कंगवा लावा.

3. गाठ कातडीला चिकटली असेल तर हात लावू नका. कात्री तर नाहीच. ते काम मशीनचं, आणि तेही जनावरांच्या डॉक्टरांकडे किंवा केस कापणाऱ्या जाणकार माणसाकडे. तिथली जागा अगदी आखूड कापावी लागली, तर लागू द्या. केस येतील.

4. गाठी सुटल्यावर आंघोळ, मग अंग पूर्ण कोरडं, पुन्हा एकदा विंचरणं, आणि त्यानंतरच कापणी.

5. मशीनला अडीच सेंटिमीटरचा कंगवा लावा आणि केसांच्या दिशेनं फिरवा. पातं तापतं, म्हणून दर दोन मिनिटांनी ते आपल्या मनगटाला लावून बघा. आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसणार.

6. डोळ्यांजवळ बोथट टोकांची कात्री. एकानं हनुवटीखाली हात धरायचा, दुसऱ्यानं कापायचं. कात्रीचं टोक डोळ्याकडे कधीच नको.

7. पिल्लू कंटाळलं की थांबा. आज दोन पाय, उद्या दोन. अर्धवट कापलेला भुऱ्या शेजाऱ्यांना दिसला तर हसतील थोडं, हसू द्या!

आणि हो, दात लावले असं लिहिलं आहेस. कातडीवर नुसता ओरखडा असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पिल्लाला लस दिलेली असली तरीसुद्धा. तू काल धुतलं नसशील तर हे पत्र बाजूला ठेव, आधी साबण लावून धू आणि आजच दवाखान्यात जा.

आता थोडं आईबाबांशी

ताई, दादा, भुऱ्या खोडकर नाही. त्याला दुखतंय, म्हणून तो ओरडतो. तुम्हाला "काही करावं लागत नाही" असं सांगितलं गेलं, तिथे तुमची फसगत झाली. पण त्यात पिल्लाचा काय दोष? त्याला लागतात रोजची पंधरा मिनिटं, आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा कापणी. ही पंधरा मिनिटं कोण देणार, ते आज रात्री जेवताना ठरवा. एकट्या मुलीवर टाकू नका. परीक्षेच्या दिवसांत तिला जमणार नाही, आणि जट काही परीक्षा संपायची वाट बघत नाही.

ज्यांच्या घरी अजून पिल्लू आलेलं नाही, त्यांनी आणायच्या आधीच हे ठरवावं. पंधरा मिनिटं निघत नसतील, तर आपल्या गल्लीतलं आखूड केसांचं गावठी पिल्लू आणा. त्याला आपलं ऊन ठाऊक असतं, आणि माया तर तितकीच करतं.

आणि तू, मैत्रिणी, डॉक्टरांकडून गाठी काढून आलात की कंगवा आधी भुऱ्याला हुंगू दे. मग एकदाच फिरव, आणि खाऊ दे. दुसऱ्या दिवशी दोनदा. महिनाभरानं मला पुन्हा लिही. कंगवा दिसल्यावर तो पळतो की शेपूट हलवत येतो, एवढंच कळव.

तुमचा,
सोबतीकाका